वस्तूंची समता व तादात्म्य

वस्तूंची समता व तादात्म्य : दोन वस्तू ‘सारख्या’ आहेत, हे एक विधान, दोन नावांनी निर्दिष्ट होणारी वस्तू ‘एकच’ आहे, हे दुसरे. या दोन विधानांतील भेद व्यक्त करणारी ही संकल्पनांची जोडी आहे. पहिल्या संबंधास समता व दुसऱ्यास तादात्म्य म्हणतात. हा भेद तर्कशास्त्रात व तत्त्वज्ञानात प्राचीन काळापासून विचारात घेतला गेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्तुकेंद्री संगणक-भाषा प्रचारात आल्यावर त्याला व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले. कारण अशा भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्याला दोन वस्तूंची तुलना करताना यांपैकी कोणता संबंध अभिप्रेत आहे, हे प्रत्येक वेळी निश्चितपणे सांगावे लागते. प्रस्तुत नोंदीत या भेदाचे स्वरूप, त्याची वैचारिक पूर्वपीठिका आणि संगणकशास्त्रातील त्याचा इतिहास यांचा परामर्श घेतला आहे.

प्रश्नाचे स्वरूप : रत्नागिरी परिसरातील तीन परिचित उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होईल. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे जन्मनाव केशव होते. पण ‘बाळ’ हेच नाव पुढे रूढ झाले. येथे नावे दोन, व्यक्ती एक आहे. ‘केशव’ व ‘बाळ’ या नावांनी निर्दिष्ट होणाऱ्या व्यक्तींत तादात्म्य आहे. त्यामुळे एका नावाखाली नोंदविलेली घटना दुसऱ्या नावाच्या व्यक्तीलाही आपोआप लागू पडते.

दुसरे उदाहरण हापूस आंब्याचे होय. हापूसची लागवड कोयीपासून न करता कलमांपासून करतात. उत्तम मातृवृक्षाची काडी रोपावर बांधून भेटकलम वा कोयकलम तयार केले जाते. अशा कलमाचा फळे देणारा भाग आनुवंशिक दृष्ट्या मातृवृक्षासारखाच असतो. एका बागेत ओळीने उभी असलेली कलमे वाण या दृष्टीने समान असतात. परंतु ती एकच झाड नव्हेत. एका झाडावर रोग पडला, तर शेजारचे झाड तेवढ्यामुळे रोगी ठरत नाही. येथे समता आहे, तादात्म्य नाही.

समता कशावरून ठरवावी हा प्रश्नही याच उदाहरणातून उद्भवतो. हापूसची लागवड कोकणाबाहेर, उदा., कर्नाटकात धारवाड भागातही होते. वाण एवढाच निकष मानला, तर दोन्हीकडची फळे ‘हापूस’ या एकाच संज्ञेस पात्र होतात. उत्पत्तिस्थान हाही निकष मानला, तर ती भिन्न ठरतात. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कायद्याने उत्पत्तिस्थानाचा गुणधर्म तुलनेच्या निकषांत समाविष्ट केला. फळात काही बदल झाला नाही, निकष बदलला. यावरून समता ही केवळ वस्तूंमध्ये वसत नसून तुलनेसाठी निवडलेल्या गुणधर्मांवर अवलंबून असते, हे लक्षात येते.

तिसरे उदाहरण सदाशिवराव भाऊंच्या तोतयाचे. त्यात एका नावावर दोन व्यक्तींचा हक्क सांगितला गेला आणि समतेला तादात्म्य मानण्याच्या चुकीची किंमत एका राज्याला मोजावी लागली. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य होईल.

रत्नागिरीच्या तोतयाचे प्रकरण : पानिपतच्या तिसऱ्या लढाईत १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवराव भाऊ पडले [⟶ पानिपतच्या लढाया]. रणांगणावर सापडलेल्या देहाची ओळख सर्वांना निःशंकपणे पटली नाही. भाऊंची पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. अशा संशयाच्या वातावरणात काही वर्षांनी उत्तरेत एक इसम आपण सदाशिवराव भाऊ असल्याचे सांगू लागला. तो मूळचा बुंदेलखंडाकडील सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण होता. त्याचा चेहरामोहरा भाऊंसारखा होता, असे सांगतात. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याला पकडून पुण्यास आणण्यात आले व चौकशीअंती तो तोतया ठरला. त्याला निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले आणि शेवटी त्याची रवानगी रत्नागिरीस झाली.

१७७२ मध्ये माधवरावांचा मृत्यू आणि १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यानंतर मराठी राज्यात अस्थिरता माजली. या परिस्थितीचा फायदा घेऊन १७७६ मध्ये रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला कैदेतून मुक्त केले व भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. अनेकांनी त्याचा पक्ष धरला, कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले आणि त्याचे सैन्य बोरघाटापर्यंत येऊन पोहोचले. महादजी शिंदे व इतर सरदारांनी त्याचा पराभव केल्यावर तो जलमार्गाने पळाला. परंतु कुलाब्याच्या रघूजी आंग्रे यांनी त्याला पकडले. पुण्यात पुन्हा चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकर यांनी या प्रसंगावर तोतयाचे बंड हे नाटक लिहिले.

या प्रकरणातील तार्किक पेच असा : चौकशी करणाऱ्यांना ठरवायचे होते तादात्म्य, पण त्यांच्या हाती तुलनेसाठी होते केवळ गुणधर्म. चेहरा, वय, बोलण्याची ढब, घरातील गोष्टींची माहिती हे सर्व गुणधर्म दुसऱ्या व्यक्तीतही असू शकतात अथवा ती ते शिकून घेऊ शकते. म्हणून असे कितीही गुणधर्म जुळले, तरी त्यांवरून ‘हा तोच’ हे सिद्ध होत नाही. उलट, न बदलणारा एक जरी गुणधर्म जुळला नाही, तरी ‘हा तो नव्हे’ हे सिद्ध होते. ‘न बदलणारा’ ही अट महत्त्वाची आहे; कारण १७६१ मधील भाऊ १७७६ मध्ये जिवंत असते, तरी पंधरा वर्षांनी त्यांचे रूप पूर्वीसारखे राहिले नसते. तादात्म्याचा खरा पुरावा म्हणजे व्यक्तीच्या अस्तित्वाचे सातत्य : ती कोठे जन्मली, कोठे वाढली व मधल्या काळात कोठे होती, याचा अखंड मागोवा. तोतयाचा दावा टिकला नाही तो या कसोटीवर; कारण त्याचे पूर्वायुष्य भाऊंच्या आयुष्याहून वेगळे असल्याचे उघड झाले.

तत्त्वज्ञानातील पूर्वपीठिका : भारतीय दर्शनांत हा प्रश्न ‘प्रत्यभिज्ञा’ या सदराखाली चर्चिला गेला आहे. ‘तो हा देवदत्त’ हे त्याचे रूढ उदाहरण होय. पूर्वी पाहिलेला व आता दिसणारा देवदत्त यांची स्थळ, काळ व वेष ही विशेषणे भिन्न असूनही व्यक्ती एकच आहे, असे ज्ञान येथे होते. वैशेषिक दर्शनाने याच्या उलट बाजूचा विचार केला. एकाच प्रकारच्या दोन परमाणूंचे सर्व गुण सारखे असतील, तर ते दोन आहेत हे कशावरून म्हणावयाचे ? याचे उत्तर म्हणून या दर्शनाने ‘विशेष’ नावाचा स्वतंत्र पदार्थ मानला. प्रत्येक परमाणूच्या ठिकाणी असलेला विशेष त्याला इतर सर्वांपासून वेगळा ठेवतो. तो विशेष स्वतः कोणत्याही गुणावर अवलंबून नसतो.

जर्मन तत्त्वज्ञ लायप्निट्स (१६४६–१७१६) याने विरुद्ध भूमिका घेतली. दोन वस्तूंच्या सर्व गुणधर्मांत कोणताही फरक नसेल, तर त्या दोन नव्हेतच, एकच आहेत, असे त्याचे तत्त्व आहे. पुढे गोट्लोप फ्रेग याने १८९२ च्या निबंधात ‘पहाटेचा तारा’ व ‘सायंकाळचा तारा’ ही उदाहरणे घेतली. दोन्ही शब्दांनी शुक्राचाच निर्देश होतो. तरीही त्यांचे अर्थ वेगळे असल्यामुळे दोन्ही एकच आहेत हे विधान नवे ज्ञान देणारे ठरते. संगणक-भाषांची रचना करणाऱ्यांसमोर पुढे जे प्रश्न आले, त्यांची बीजे या चर्चांत आढळतात. संगणकाच्या स्मृतीतील वस्तूंना वैशेषिकांची भूमिका अधिक जुळते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

संगणकातील वस्तू : संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक माहिती विशिष्ट ठिकाणी साठविलेली असते आणि त्या ठिकाणास पत्ता म्हणतात. वस्तुकेंद्री आज्ञावलीत ‘वस्तू’ म्हणजे काही माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया यांचा एकत्र बांधलेला घटक होय. समान रचनेच्या वस्तूंचा ‘वर्ग’ असतो, उदा., ‘खातेदार’ हा वर्ग व प्रत्येक खातेदार ही त्या वर्गातील वस्तू. आज्ञावलीतील नाव म्हणजे वस्तू नव्हे, तर ती वस्तू जेथे आहे त्या ठिकाणाचा निर्देश होय. त्यामुळे दोन नावांची तुलना दोन प्रकारे करता येते. दोन्ही निर्देश एकाच ठिकाणाचे आहेत काय, हे पाहणे म्हणजे तादात्म्याची तुलना. निर्दिष्ट वस्तूंतील मजकूर सारखा आहे काय, हे पाहणे म्हणजे समतेची तुलना. तादात्म्य असेल, तर समता सामान्यतः असतेच. समतेवरून मात्र तादात्म्याचे अनुमान निघत नाही.

व्यवहारात याचा परिणाम वस्तू बदलताना दिसतो. दोन नावे एकाच वस्तूची असतील, तर एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावानेही दिसतो. दोन वस्तू केवळ समान असतील, तर एकीतील बदल दुसरीला स्पर्श करीत नाही. खातेदाराच्या खात्याची प्रत काढून तिच्यात रक्कम जमा केली, तर मूळ खाते कोरेच राहते. वस्तू कधीच बदलत नसतील, तर मात्र हा भेद बहुतांशी निरुपद्रवी ठरतो. म्हणूनच ज्या भाषांत मूल्ये अपरिवर्तनीय असतात, त्यांत तादात्म्याचा प्रश्न क्वचितच उद्भवतो.

प्रारंभीचा इतिहास : संगणक-भाषांत हा भेद प्रथम लिस्प या भाषेत स्पष्टपणे आढळतो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ‘ईक्यू’ ही मूलभूत कसोटी अविभाज्य चिन्हांपुरती दिली होती आणि याद्यांची तुलना करणारी ‘इक्वल’ ही कसोटी तिच्या साह्याने पुनरावर्ती पद्धतीने रचून दाखविली होती. पुढे लिस्पच्या अनेक बोली झाल्या. त्यांचे एकीकरण करणाऱ्या कॉमन लिस्प या भाषेत कमीअधिक कडकपणाच्या चार सर्वसाधारण कसोट्या ठेवण्यात आल्या. समतेची एकच कसोटी सर्व प्रयोजनांना पुरत नाही, याची ही कबुलीच होती.

वस्तुकेंद्री पद्धतीचा आरंभ नॉर्वेत झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल व क्रिस्टेन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ ही भाषा तयार केली. या भाषेत मूल्यांच्या तुलनेसाठी एकेरी बरोबरचे चिन्ह ‘=’ आणि निर्देशांच्या तुलनेसाठी दुहेरी चिन्ह ‘==’ अशी दोन स्वतंत्र चिन्हे होती. मूल्य देणे व निर्देश देणे यांसाठीही निरनिराळी चिन्हे योजलेली होती. त्यामुळे आज्ञावली वाचणाऱ्यास लेखकाचा हेतू चिन्हावरूनच समजत असे.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात स्मॉलटॉक ही भाषा विकसित केली. तिच्यातही ‘==’ हे चिन्ह तादात्म्यासाठी व ‘=’ हे समतेसाठी होते; परंतु येथे एक नवा विचार आला. तादात्म्याचा निर्णय यंत्र करते व तो सर्व वस्तूंना सारखाच लागू असतो. समतेचा निर्णय मात्र प्रत्येक वर्गाने स्वतःच्या अर्थानुसार करावयाचा असतो. दोन अपूर्णांक केव्हा समान, हे अपूर्णांकांच्या वर्गाने सांगावे; दोन तारखा केव्हा समान, हे तारखांच्या वर्गाने सांगावे. वर्गाने काहीच न सांगितल्यास समता म्हणजे तादात्म्य असे मानले जाते. ही व्यवस्था नंतरच्या अनेक भाषांनी स्वीकारली.

उथळ व सखोल समता : १९८६ मध्ये सेट्राग खोशाफियन व जॉर्ज कोपलँड यांनी वस्तूंच्या तादात्म्यावर लिहिलेल्या निबंधात तीन संबंधांची व्यवस्थित मांडणी केली. दोन निर्देश एकाच वस्तूचे असणे म्हणजे तादात्म्य. दोन वस्तूंचे प्रत्यक्ष घटक एकच असणे म्हणजे उथळ समता. घटक भिन्न असले, तरी त्यांचे घटक व पुढे त्यांचेही घटक शेवटपर्यंत सारखे असणे म्हणजे सखोल समता. दोन घरांच्या दप्तरांत एकाच शेताचा उल्लेख असणे हे उथळ समतेचे उदाहरण म्हणता येईल. तितक्याच क्षेत्राच्या, पण दोन वेगळ्या शेतांचा उल्लेख असेल, तर समता केवळ सखोल असते. सखोल तुलनेत आणखी एक धोका असतो : एखादी वस्तू अप्रत्यक्षपणे स्वतःचाच निर्देश करीत असेल, तर तुलना कधीच संपत नाही. ही भेट झाली हे लक्षात ठेवण्याची सोय आज्ञावलीत करावी लागते.

या निबंधात आणखी एक मुद्दा आग्रहाने मांडला होता. वस्तूचे तादात्म्य तिच्या नावावर, पत्त्यावर किंवा गुणधर्मांवर अवलंबून ठेवू नये; ते वस्तूच्या निर्मितीबरोबर दिले जावे व तिच्या अस्तित्वभर कायम राहावे. वैशेषिकांच्या ‘विशेष’ या पदार्थाशी या कल्पनेचे साम्य उघड आहे. पुण्यातील चौकशीत नेमके हेच साधन उपलब्ध नव्हते. यंत्रातील वस्तूला ते जन्मतः मिळते.

समतेचे नियम : १९९५ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या जावा या भाषेत ‘==’ हे चिन्ह वस्तूंच्या बाबतीत तादात्म्य दाखविते आणि समतेसाठी ‘इक्वल्स’ नावाची क्रिया असते. सिम्युला व स्मॉलटॉकप्रमाणे एकेरी चिन्ह येथे समतेसाठी उपलब्ध नाही, कारण ते मूल्य देण्यासाठी वापरले जाते. परिणामी शाळेतील गणितापासून बरोबरच्या चिन्हाची सवय असलेल्या नवशिक्यांची येथे हमखास चूक होते. अक्षरे सारखी असलेले दोन शब्द ‘==’ या चिन्हाने तुलना करता कधी एकच ठरतात, कधी ठरत नाहीत; कारण यंत्राने त्यांची एकच प्रत ठेवली की दोन, यावर उत्तर अवलंबून असते. वस्तुरूप दिलेल्या लहान संख्यांचीही हीच स्थिती आहे. −१२८ ते १२७ या संख्यांच्या वस्तू भाषेच्या नियमानुसार सामायिक ठेवल्या जातात. त्यांपलीकडील संख्यांबाबत तशी हमी नाही. त्यामुळे १२७ या संख्येवर तपासलेली आज्ञावली १२८ वर चुकू शकते. अशा चुका लहान चाचण्यांत दडून राहतात व आज्ञावली प्रत्यक्ष वापरात आल्यावर उघडकीस येतात.

जावाच्या अधिकृत वर्णनात समतेच्या क्रियेने पाळावयाचे नियम दिलेले आहेत. प्रत्येक वस्तू स्वतःशी समान असावी. पहिली दुसरीशी समान असेल, तर दुसरीही पहिलीशी समान असावी. पहिली दुसरीशी व दुसरी तिसरीशी समान असेल, तर पहिली तिसरीशी समान असावी. वस्तू बदलल्या नसतील, तर पुन:पुन्हा विचारल्यावर उत्तर तेच यावे. कोणतीही वस्तू ‘काहीच नाही’ या रिक्त निर्देशाशी समान ठरू नये. यांपैकी पहिले तीन नियम गणितातील सममूल्यता-संबंधाचे आहेत.

हे नियम साधे दिसले, तरी पाळणे कठीण जाते. आंब्याच्या पेट्यांचे उदाहरण घेऊ. ‘पेटी’ या वर्गात फळांची संख्या व प्रत एवढ्याच गोष्टी नोंदविल्या असून त्यांवरून समता ठरते. त्या वर्गाचा वारसा घेऊन ‘निर्यात-पेटी’ हा वर्ग केला व त्यात बागेचा क्रमांकही तुलनेत घेतला. आता साधी पेटी निर्यात-पेटीस समान मानते. निर्यात-पेटी मात्र बागेचा क्रमांक न आढळल्यामुळे साध्या पेटीस समान मानीत नाही. दुसरा नियम मोडला. तो वाचविण्यासाठी साध्या पेटीशी तुलना करताना बागेचा क्रमांक सोडून द्यावा, असे ठरविले, तर भिन्न बागांच्या दोन निर्यात-पेट्या एकाच साध्या पेटीशी समान, पण परस्परांशी असमान ठरतात. म्हणजे तिसरा नियम मोडतो. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इफेक्टिव्ह जावा या ग्रंथात ही अडचण मूलभूत असल्याचे सांगितले. मूल्य धारण करणाऱ्या वर्गाचा वारसा घेऊन त्यात तुलनेचा नवा गुणधर्म वाढवावा आणि सर्व नियमही टिकवावेत, हे दोन्ही एकत्र साधत नाही. अशा वेळी वारसा न घेता मूळ वस्तू नव्या वस्तूचा घटक म्हणून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

हॅश व बदलत्या वस्तू : मोठ्या संग्रहातून एखादी वस्तू त्वरित शोधण्यासाठी तिच्या मजकुरावरून एक संख्या काढतात. तिला हॅश मूल्य म्हणतात. टपाल कचेरीत पत्त्यावरून पत्र ठरावीक कप्प्यात टाकावे, त्याप्रमाणे या संख्येवरून वस्तू ठरावीक कप्प्यात ठेवली जाते व शोधताना तोच कप्पा पाहिला जातो. यासाठी समान वस्तूंची हॅश मूल्ये समान असलीच पाहिजेत. असमान वस्तूंची मूल्ये योगायोगाने सारखी आली, तर केवळ शोधाचा वेळ वाढतो. समतेची व्याख्या बदलली, पण हॅश मूल्याची बदलली नाही, तर समान वस्तू भिन्न कप्प्यांत जाऊन संग्रहात असूनही सापडत नाहीत. संग्रहात ठेवल्यानंतर वस्तूचा मजकूर बदलला, तरी हाच परिणाम होतो. बदलणाऱ्या गुणधर्मांवरून ओळख पटविण्यातील जो धोका तोतयाच्या प्रकरणात दिसला, त्याचेच हे यांत्रिक रूप होय.

काही अपवादात्मक प्रकार : समतेचे नियम मोडणारी काही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. द्विमान चल-बिंदू संख्यांच्या गणनेसाठी १९८५ मध्ये ठरविलेल्या मानकात ‘संख्या नव्हे’ असे एक विशेष मूल्य आहे. शून्याला शून्याने भागल्यास ते मिळते. हे मूल्य स्वतःशीही समान नसते, असे मानकातच ठरविले आहे. म्हणजे पहिला नियम येथे हेतुपूर्वक सोडला आहे. जावातील संकेतस्थळांच्या पत्त्यांचा वर्ग तुलनेसाठी जाळ्यावरून यंत्राचा क्रमांक विचारतो. त्यामुळे भिन्न नावांची दोन संकेतस्थळे एकाच यंत्रावर असल्यास समान ठरू शकतात आणि जाळे बंद असल्यास उत्तर बदलू शकते. १९९५ मध्ये निर्माण झालेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत ‘==’ हे चिन्ह भिन्न प्रकारच्या मूल्यांचे परस्पर रूपांतर करून तुलना करते. यातून होणारा घोटाळा टाळण्यासाठी रूपांतर न करणारे ‘===’ हे तिसरे चिन्ह नंतर प्रमाणित करावे लागले. पायथन भाषेने मात्र तादात्म्यासाठी चिन्ह न वापरता ‘इज’ हा शब्द योजून दोन्ही तुलना डोळ्यांना वेगळ्या दिसतील, अशी व्यवस्था केली.

मूल्य-वस्तू व व्यक्ती-वस्तू : एरिक एव्हान्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आज्ञावलीतील वस्तूंचे दोन प्रकार मानण्याची शिफारस केली. रक्कम, तारीख, लांबी यांसारख्या वस्तूंचे सर्व महत्त्व त्यांच्या मूल्यात असते. त्यांची तुलना मूल्यावरून करावी व त्या अपरिवर्तनीय ठेवाव्यात. खातेदार, रुग्ण, विद्यार्थी यांसारख्या वस्तूंचे महत्त्व त्यांच्या सातत्यात असते. नाव, पत्ता, वय बदलले तरी व्यक्ती तीच राहते. म्हणून त्यांची तुलना स्थिर ओळख-क्रमांकावरून करावी. एकच वस्तू प्रयोजनानुसार दोन्ही प्रकारांत मोडू शकते. शंभर रुपयांची कोणतीही नोट देण्याघेण्यात दुसरीसारखीच असते. बनावट नोटांचा तपास करणाऱ्यास मात्र प्रत्येक नोटेचा क्रमांक महत्त्वाचा असतो आणि एकच क्रमांक दोन नोटांवर आढळला, तर त्यांपैकी निदान एक खोटी असल्याचा संशय येतो. जावा भाषेत २०२१ मध्ये मूल्य-वस्तूंसाठी ‘रेकॉर्ड’ ही रचना आली. तिच्यात समता व हॅश मूल्य यांची व्याख्या घटकांवरून आपोआप होते व हाताने लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका टळतात.

नोंदी व नागरिक : संगणकाच्या स्मृतीतील वस्तूला ओळख जन्मतः मिळते, परंतु ती वस्तू ज्या माणसाचे प्रतिनिधित्व करते, त्याच्या बाबतीत जुना प्रश्न शिल्लकच राहतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात प्रत्येक नोंद तिच्यातील निवडलेल्या घटकांच्या म्हणजे किल्लीच्या मूल्यावरून ओळखली जाते. किल्ली म्हणून नाव व गाव घेतले, तर एकाच गावातील समान नावाच्या दोन व्यक्ती एक ठरतात. मराठी नावांत स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव व आडनाव असे तीन घटक असल्याने हा धोका कमी होतो. पण विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीची दोन नावांखाली दोन नोंदी होण्याची शक्यता वाढते. शुद्धलेखनातील किरकोळ फरकानेही एक व्यक्ती दोन ठरते.

आधार क्रमांकाच्या योजनेत हा प्रश्न राष्ट्रीय प्रमाणावर हाताळण्यात आला. या योजनेतील पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा घेऊन त्यांची आधीच्या नोंदींशी तुलना केली जाते, म्हणजे एका व्यक्तीस दोन क्रमांक मिळू नयेत. तथापि ठशांची तुलना ही तत्त्वतः गुणधर्मांचीच तुलना आहे. दोन प्रतिमा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. साम्याची एक मर्यादा ठरवून तिच्यापलीकडील साम्यास तादात्म्य मानावे लागते. मर्यादा सैल ठेवली, तर दोन माणसे एक ठरण्याचा संभव असतो. कडक ठेवली, तर कष्टाच्या कामाने बोटांवरील रेषा झिजलेल्या माणसाला तो स्वतः असल्याचे पटवून देता येत नाही. पहिल्या चुकीने दुसऱ्याचा हक्क जातो, दुसऱ्या चुकीने स्वतःचा. म्हणून अशा व्यवस्थेत यंत्राच्या नकारावर माणसाकडून फेरतपासणीची सोय असणे अगत्याचे असते.

समारोप : समता व तादात्म्य यांतील भेद हा केवळ संगणक-भाषांतील चिन्हांचा भेद नव्हे. समता ही प्रयोजनानुसार निवडलेल्या निकषांवर अवलंबून असते आणि निकष निवडणाऱ्यावर त्या निवडीची जबाबदारी असते. तादात्म्य निकषांच्या निवडीवर अवलंबून नसते; पण ते प्रत्यक्ष पाहता येत नसेल, तर गुणधर्मांवरून त्याचे केवळ अनुमान करता येते. वस्तुकेंद्री भाषांनी या दोन प्रश्नांना स्वतंत्र क्रिया दिल्या व त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यास आपणांस नेमके काय विचारावयाचे आहे, याचा आधी विचार करणे भाग पाडले, हे त्यांचे या विषयातील मुख्य कार्य मानता येईल.